म्हातारी वीस मिनिटांत का थांबते

८ सप्टेंबर, सोमवार

नखं कापली. दहाही. आई खुर्चीतून बघत होती आणि गप्प होती — म्हणजे बोलायचं पुष्कळ होतं. शेवटी राहवलं नाहीच.

"एक्केचाळिसाव्या वर्षी हातात पाना! दातांच्या डॉक्टरांकडे चौदा वर्षं टेबलामागे बसलीस, काय वाईट होतं?"

वाईट काहीच नव्हतं. पण डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की चौदा वर्षांत मी एकच वाक्य शिकले — "बसा हं, पाचच मिनिटं." आणि तेही खोटं!

आता कम्युनिटी कॉलेज. मोटार तंत्रज्ञ व्हायचा वर्षभराचा अभ्यासक्रम. का? खरं कारण अर्जात लिहिलं नाही, इथे लिहिते. लहानपणी रस्त्यात गाडी बंद पडली की बाबा बॉनेट उघडायचे, चार माणसं जमायची, सगळी आत डोकावायची. मी जवळ गेले की कुणीतरी म्हणायचं, "तू आत बस." आत बसून काय दिसतं? बॉनेटची पाठ! मला दुसरी बाजू बघायची आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

बॉनेट उघडता येईना. खटका असतो, बोटांनी चाचपडून शोधावा लागतो. मागे एकवीस जण उभे, निम्मे माझ्या भाचरांच्या वयाचे. कुणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. बुटके, साठीला टेकलेले, कानामागे पेन्सिल. फक्त म्हणाले, "पुन्हा."

सहाव्या "पुन्हा"ला उघडलं.

मुलं त्यांना पुन्हासर म्हणतात. समोर नाही, अर्थात.

घरी आईचा प्रश्न — "मग? आज काय उघडलंत?" बॉनेट. "एवढंच?" एवढंच.

१७ सप्टेंबर, बुधवार

बाकावर जोडीदार मिळाला. तेहतिशीचा, दारासारखा रुंद. दहा वर्षं बेकरीत होता. पिठाने दमा झाला, डॉक्टर म्हणाले भट्टी सोड. सगळे त्याला बेकर म्हणतात, त्यालाही आवडतं. आधी प्रत्येक भागाचा वास घेतो! "वासावरून कळतं कच्चं की करपलं." मी म्हटलं, हे स्टार्टर आहे, पाव नाही. म्हणाला, "करपलंय मात्र." उघडलं तर आतली तार खरंच काळी.

मी कान लावते, तो नाक. आई म्हणते दोघांचा मिळून एक मेकॅनिक होईल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज म्हातारीची ओळख झाली.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात सायीच्या रंगाची एक जुनी गाडी आहे. चार वर्षांपूर्वी कुणीतरी कॉलेजला देऊन टाकली. तिची एक खोड. उभी ठेवून इंजिन चालवा, तासभर गुरगुरत राहील. रस्त्यावर न्या — विसाव्या मिनिटाच्या आसपास आचके देते आणि बंद. ओढून परत आणा, अर्ध्या तासाने पहिल्याच चावीला चालू! जसं काही झालंच नाही.

दर वर्षीच्या वर्गाने डोकं आपटून झालंय. मुलं म्हणतात सरांनी मुद्दाम काहीतरी करून ठेवलंय, परीक्षा म्हणून. मी जेवणाच्या सुट्टीत सरळ विचारलं. सरांनी पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली.

"मी काही केलेलं नाही. मलाही माहीत नाही."

असं म्हणणारा शिक्षक मी पहिल्यांदाच बघितला. मग त्यांनी सगळं सांगितलं — आली तेव्हा चालूच होत नव्हती, पेट्रोलचा पंप गेला होता. तो बदलला. चालू झाली, आणि मग हे सुरू झालं. नळ्या बदलल्या, फिल्टर बदलला, टाकी दोनदा उतरवून धुतली. "बंद पडते तेव्हा इंजिनपर्यंत पेट्रोल पोचत नाही, एवढं नक्की. का पोचत नाही, ते तिलाच ठाऊक."

घरी येताना बसस्टॉप मागे राहिला, दोन चौक पुढे चालत गेले तेव्हा कळलं. का पोचत नाही?

३० सप्टेंबर, मंगळवार

आई आता आल्या आल्या विचारते, "म्हातारीचं काय?" कुणी ऐकलं तर वाटेल शेजारीण आजारी आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं लिहू नये असं वाटतंय. म्हणून लिहिते.

गुरुवारी आसपासचे लोक आपल्या गाड्या आणतात, आम्ही सरांच्या देखरेखीखाली कामं करतो. मागच्या गुरुवारी एका शाळेतल्या बाईंच्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर मी बदलले. एकटीने! सरांनी पावतीवर सही केली तेव्हा तरंगतच घरी गेले होते.

आज ती गाडी ओढून आणली. निम्मं ऑइल रस्त्यावर सांडलेलं. बाईंनी लाल दिवा बघितला आणि जागच्या जागी थांबवली म्हणून इंजिन वाचलं. मागच्या सीटवर त्यांची दोन लहान मुलं होती. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पहिलं वाक्य काय बोलावं? "फिल्टरच खराब निघाला असेल, सर." हे माझ्या तोंडून आलं!

सर गाडीखाली गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले, माझ्या तळहातावर रबराची एक काळी रिंग ठेवली. जुन्या फिल्टरची. ती इंजिनला चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर आवळला. दोन रिंगा, मध्ये फट.

"काही बिघडलं की आधी आपल्या हातावर संशय घ्यायचा," सर म्हणाले. "मग सामानावर. सगळ्यात शेवटी गाडीवर." आवाज चढवला नाही. मग बाईंना म्हणाले, "सही माझी आहे, चूक माझी." ते मला जास्त लागलं.

मी बाईंची माफी मागितली. फिल्टर पुन्हा बसवला. पुसून, बोट फिरवून, बेकरला दाखवून, सरांना दाखवून. बाई जाताना म्हणाल्या, "माझ्या वर्गात पहिल्यांदा चुकणाऱ्याला मी बाहेर काढत नाही."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जाणार आहेस ना?"

जाणार आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गेले. बेकरने पाव आणला होता, घरी भाजलेला, तोंडाला फडकं बांधून. अर्धा माझ्यापुढे ठेवला.

३ नोव्हेंबर, सोमवार

नोटीस लागली. पाच डिसेंबरला म्हातारी भंगारात जाणार. तिच्या जागी बॅटरीवर चालणारी नवी गाडी येणार, शिकवायला.

सर नोटिशीपुढे उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. "चार वर्षं," ते म्हणाले. "आता उत्तर कळायचंच नाही." नुसते पडलेल्या आवाजात नाही — भूक लागलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले. मला तो आवाज ओळखीचा वाटला. माझाच होता.

मी म्हटलं, सर, अजून महिना आहे. बेकर आणि मी रोज वर्गानंतर तासभर थांबू का? ते म्हणाले, थांबा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रस्त्यावर चाचणी. सर चालवत, मी शेजारी घड्याळ घेऊन, बेकर मागे. एकोणिसाव्या मिनिटाला आचके, बाविसाव्याला बंद. कडेला घेतली. बॉनेट उघडून आम्ही तिघं आत डोकावलो! (लहानपणीच्या त्या चार माणसांत मी!) ठिणगी उत्तम. पेट्रोलचा फिल्टर जवळजवळ कोरडा. टाकीत पेट्रोल अर्ध्यावर.

टाकीत आहे. पुढे येत नाही. पंप ओढतोय, तरी येत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा तेच. चोविसावं मिनिट. चढाला लवकर बंद पडते, सपाटीला उशिरा. म्हणजे जास्त पेट्रोल प्यायली की लवकर! वेळेचा संबंध नाही, पेट्रोल किती गेलं त्याचा आहे. उभ्या उभ्या चालवली तर पिते किती? चमचा चमचा. म्हणून तेव्हा थांबत नाही.

सरांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी उभं आहे का.

"हे चार वर्षांत कुणी लिहून ठेवलं नव्हतं," म्हणाले. पेन्सिल काढून माझ्याच वहीत माझ्या आकड्यांखाली रेघ मारली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सापडलं. सापडलं बहुतेक! अक्षर बघ कसं येतंय.

सकाळी चहाला ताजं दूध नव्हतं. आईने दुधाचा डबा काढला, टिनाचा. मी त्याला भोक पाडलं आणि कपावर उलटा धरला. चार थेंब आले, थांबलं. हलवला. दोन थेंब. आई गुडघे धरत उठली, माझ्या हातातून डबा घेतला, समोरच्या कडेला दुसरं भोक पाडलं. धार लागली.

"इतकी वर्षं चहा करतेस आणि एवढं कळत नाही? आत हवा गेल्याशिवाय बाहेर काही येत नाही, बाई."

मी तिथेच उभी राहिले. चहा उतू गेला. आई ओरडत होती. मी तिचा मुका घेतला — पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा असेल — आणि ती म्हणाली, "हिला काय झालं आता?"

टाकीत हवा जात नाही! पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकी आतून ओढून धरते आणि पंपाची ताकद कमी पडते. थांबून राहिली की कुठून तरी थोडी थोडी हवा झिरपते, म्हणून अर्ध्या तासाने चालू. आणि आम्ही शहाणे! प्रत्येक चाचणीच्या आधी झाकण उघडून पेट्रोल घालतो. म्हणजे दर वेळी आपणच तिला श्वास देऊन मग तपासायला निघतो.

हवा येते कुठून? झाकणातून. पुस्तकात बघितलं. अशा जुन्या गाडीच्या झाकणाला बारीक भोक असतं.

आई म्हणते, "काखेत कळसा. आणि शोध माझा आहे, लिहून ठेव." लिहिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरांना आधी काही सांगितलं नाही. खोटं ठरलं तर? म्हटलं फक्त एकदा बाहेर काढू. ते म्हणाले चला.

एकविसाव्या मिनिटाला आचके. बंद. सर सवयीने बॉनेटकडे निघाले. मी म्हटलं, सर, टाकीच्या झाकणाची किल्ली द्या. त्यांनी विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, बघायचंय.

मागे गेले. झाकण चकचकीत, कुलपाचं. किल्ली फिरवली, सैल केलं, आणि —

स्स्स्स! हवा आत गेली. लांबलचक. रडून दमलेलं मूल श्वास घेतं तशी. बेकर वाकून ऐकत होता, त्याचे डोळे वाटीएवढे झाले. "चालू करा सर, चालू करा!" सरांनी चावी फिरवली. दोन आचके — आणि लागली!

मी झाकण उलटं केलं. गुळगुळीत. भोक नाही, काही नाही. बसायला अगदी बरोब्बर, पण दुसऱ्याच जातीच्या गाडीचं.

बेकर आनंदाने नाचायचा बाकी. रस्त्याच्या कडेला उभा राहून ओरडला, "चार वर्षं! चार वर्षं! कुठल्या गाढवाने हे झाकण बसवलं?"

सर गाडीत बसले होते, खिडकीची काच खाली. म्हणाले, "मी."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"कॉलेजला आली तेव्हा टाकीच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. पंप बदलला त्याच दिवशी मी हे झाकण आणलं. स्वतः निवडून. चांगलं, कुलपाचं." मग, "पाइपवर संशय घेतला. टाकीवर घेतला. पोरांवरसुद्धा घेतला. ह्याच्यावर नाही."

बेकर लाल झाला. "सर, मला तसं म्हणायचं —"

"बरोबर म्हणालास. बस गाडीत."

झाकण नुसतं अर्धवट टेकवून, वर फडकं बांधून परत आलो. वाटेत एकदाही थांबली नाही. उत्तर मिळालं होतं आणि गाडीत तिघंही गप्प. मला वाटलं होतं उत्तर मिळालं की माणूस उड्या मारतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी सगळ्या वर्गाला म्हातारीभोवती उभं केलं. मला वाटलं माझ्याकडून वदवून घेतील. नाही. स्वतः सांगितलं, पहिल्या दिवसापासून, झाकण हातात धरून. एकही गोष्ट गाळली नाही, चिंधीसुद्धा नाही. शोधलं कुणी तेही सांगितलं. (आईचं नाव मी जोडलं. सगळे हसले. सरही.)

मागच्या रांगेतला एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे चार वर्षं स्वतःच —" सरांना ऐकू गेलं. "हो," म्हणाले. "स्वतःच. पुन्हा सांग, मोठ्याने."

तो बिचारा पुन्हा काय सांगणार!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सर दोन दिवस आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरे कुणी येतात, फळ्याकडे तोंड करून शिकवतात.

बेकर म्हणतो, "माझ्या जिभेला हाड नाही." मी म्हणते, झाकण मी उघडलं. दोघं आपापला गुन्हा घट्ट धरून बसलोय.

५ डिसेंबर, शुक्रवार

म्हातारी गेली. भंगारवाले ओढायची गाडी घेऊन आले होते. बेकर म्हणाला, ओढताय कशाला, चालत येईल की! ऑफिसने हो म्हटलं. नवीन, भोकाचं झाकण आम्ही बसवलंच होतं.

मी चालवली. तास आणि दहा मिनिटं, मधला लांब चढ धरून. विसावं मिनिट आलं तेव्हा बेकरने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. भंगाराच्या फाटकातून ती स्वतःच्या चाकांनी आत गेली. मी इंजिन बंद केलं. ह्या वेळी ते आम्ही बंद केलं, तिने नाही.

सरांनी हे बघायला हवं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सत्राची परीक्षा झाली. पास! प्रात्यक्षिकात मला ब्रेक आले. शेवटी परीक्षक म्हणाले, झालं, हात धुवा. मी म्हटलं, एक मिनिट, आपलं काम एकदा पुन्हा बघते. पुन्हा! शब्द तोंडातून आला आणि नकळत दाराकडे बघितलं.

१५ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात सरांबद्दल विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "त्यांनी नोकरी सोडली ना. दोन वर्षं बाकी होती. स्वतःहून सोडली." कारण? "लिहिलंय, वैयक्तिक."

घरी येऊन आईला सांगितलं. मी ते झाकण उघडायला नको होतं का गं? ती म्हणाली, "तुला राहवलं असतं?"

नसतं राहवलं. तेच तर बोचतंय.

१२ जानेवारी, सोमवार

दुसरं सत्र. बॅटरीच्या गाड्यांचा पहिला तास. शिकवायला तिशीतल्या मॅडम, हजेरी घेत होत्या. दार उघडलं, कुणीतरी वाकून आत आलं आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसलं. कानामागे पेन्सिल.

मी उठून उभी राहिले. "सर!"

"खाली बस. सर नाही — मॅडम समोर आहेत. शिकवत राहिलो असतो तर ह्या तासाला बसू दिलं नसतं, म्हणून नोकरी सोडली." मग माझ्याकडे झुकून, चार महिन्यांत पहिल्यांदा मला एकेरीत म्हणाले, "ह्या गाडीतलं मला काडीचंही कळत नाही. एक पान दे ना."

मी पिशवीतून पाना काढला.

"पाना नाही गं. पान! वही विसरलो."

ह्याच वहीतलं फाडून दिलं.